बिवलकरकाकांचं हेमूसर

बिवलकरकाकांवर मी जेवढी चिडले आहे तेवढी सख्ख्या नवऱ्यावरही कधी चिडलेली नाही. त्यांनी माझं काही वाकडं केलं होतं अशातला भाग नाही. उलट माणूस अतिशय सरळ, आणि माझी सगळी तक्रार त्या सरळपणाबद्दलच आहे.

सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात आम्ही राहायला गेलो ते २०१२ साल. अकरावा मजला, भाड्याचा फ्लॅट, मुलगी दीड वर्षाची. त्याच मजल्यावर आमच्यापासून तिसरं दार बिवलकरांचं. ते आमच्यासारखे आज आहेत उद्या नाहीत असे नव्हते, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना घेऊन, फ्लॅट विकत घेऊन पंधरा वर्षं तिथं मुरलेले होते. पहिल्याच रविवारी काकूंनी साबुदाण्याची खिचडी पाठवली आणि डबा घेऊन काका आले. मी आत या म्हटलं, तर ते उंबऱ्यातच थांबले, दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं वरपासून खालपर्यंत टकटक केली आणि म्हणाले, "खालून पोकळ झालीय. घरमालकाला लिहून दिलंस का?"

लिहून दिलं का, हे त्यांचं पालुपद. नळ गळतोय, लिहून दिलं का. बस वेळेवर येत नाही, लिहून दिलं का. माझी कंपनीत बढती अडली होती तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. आमच्या ब्लॉकची लिफ्ट सातव्या मजल्याजवळ किंचित खरखरायची. किंचित म्हणजे इतकी किंचित, की आम्हाला कुणालाच ती ऐकू येत नव्हती. काकांनी एका सुट्टीच्या दिवशी सहा वेळा वर-खाली करून, कुठे किती सेकंद आवाज येतो ते लिहून पाठवलं, आणि तिसऱ्या दिवशी दोन माणसं येऊन लिफ्ट उघडून बसली. काकांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी मुलाचं लग्न पार पडल्यासारखं समाधान होतं. नीट लिहिलं की काम होतं, लोक नीट लिहीत नाहीत, असं त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं.

त्यांचा धंदाच तो होता. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न, चण बारकी, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट. पंधरा-सोळा वर्षं जहाजांवर इंजिनं सांभाळून ते चीफ इंजिनियर झाले आणि मग सिंगापूरच्या एका जहाज कंपनीत त्यांनी किनाऱ्यावरची नोकरी धरली. बंदरात जहाज लागलं की त्यावर चढायचं, हातोडी आणि टॉर्च घेऊन तळापासून शेंड्यापर्यंत हिंडायचं आणि सापडतील तेवढे दोष कागदावर उतरवायचे. त्या यादीला ते डिफेक्ट लिस्ट म्हणत. ती मालकाकडे गेली की मालकाला दुरुस्ती करावीच लागते, नाहीतर जहाज बंदर सोडू शकत नाही. यादी जितकी लांब तितका तपासणारा चांगला. एक दोष लपवला तर भर समुद्रात माणसं मरतात, असं ते सांगत, आणि त्यांनी तशी मेलेली पाहिलीही होती.

असा हा काटेकोर माणूस एका बाबतीत पार वेडा होता. ती बाब म्हणजे हेमूसर.

हेमूसर कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. जोधपूरहून जैसलमेरला जाताना वाटेत उजवीकडे एक फाटा फुटतो, तिथून चाळीसेक किलोमीटर आत वाळूत हे छोटंसं गाव आहे. मीटर गेजच्या जमान्यात तिथं एक स्टेशन होतं आणि काकांचे वडील त्या स्टेशनाचे मास्तर होते. मूळचे गुहागरकडचे, पण रेल्वेत चिकटले आणि बदल्या होत होत वाळवंटात जाऊन पडले. काका सहाव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत तिथं वाढले. वाळवंटातला मुलगा समुद्रावर कसा गेला, असं कुणी कौतुकानं विचारलं की ते म्हणत, "दोन्हीकडे पिण्याजोगं पाणी नसतं. मला सवय होती."

तर ह्या गावात बघण्यासारखी सात ठिकाणं आहेत असा काकांचा दावा होता. सहा नाहीत, आठ नाहीत. ठाकुरांच्या समाध्यांवरच्या दगडी छत्र्या, लाखेच्या बांगड्यांची गल्ली, खेजडीच्या झाडाखालचं देवीचं ठाणं, मिठागराचा काठ, इंजिन फिरवायची लोखंडी चकती असलेलं जुनं स्टेशन, एका शेठजींची हवेली, आणि पहिल्या क्रमांकावर स्टेशनाशेजारचं पाण्याचं टाकं. हवेलीच्या भिंतीवर आगगाडीचं एक चित्र आहे. ज्यानं ते काढलं त्यानं आगगाडी पाहिलेली नव्हती, नुसती ऐकलेली होती, म्हणून डब्यांना चाकांऐवजी उंटाचे पाय आहेत. हे मला काकूंनी सांगितलं. काकांच्या माहितीपत्रकात त्याबद्दल एवढंच होतं: 'भित्तिचित्र, लांबी अकरा फूट, रंग तीन ठिकाणी उडालेला.'

हे माहितीपत्रक चार पानी होतं, नकाशासकट. डिसेंबरच्या सुट्टीत सिंगापूरची मराठी मंडळी भारतात जातात आणि त्यांतली चार-दोन घरं तरी आई-वडिलांना घेऊन राजस्थान करतात. कोण राजस्थानला निघालंय ह्याचा काकांना बरोबर वास लागायचा. मग ते माहितीपत्रक घेऊन त्या घरी जात, पुंगोल असो की जुरोंग ईस्ट, एमआरटीनं तासभर प्रवास करून. वाटेतच आहे, एक दिवस काढा, असं सांगत. ते वाटेत अजिबात नव्हतं. लोक नक्की जाऊ म्हणत, चहा देत, आणि कुणीही जात नसे. मी तरी कुठे गेले? आमची गाडी त्या फाट्यावरून गेली तेव्हा मी मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपले होते, आणि परत आल्यावर काकांना वेळच मिळाला नाही हो असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि कुठल्या दिवशी कुठे किती तास गेले ते विचारून, वेळ कसा मिळू शकला असता ते मला कागदावर काढून दाखवलं.

जुरोंग ईस्टच्या सबनीसांनी मात्र कमाल केली. संक्रांतीला आम्ही दहा-बारा घरं एकत्र जमलो होतो. सबनीस नुकतेच राजस्थानहून आलेले. काका दिसताच ते उगाचच भल्या मनानं म्हणाले की हेमूसरला जाऊन आलो, फारच सुरेख. काकांनी हातातली तिळाची वडी बशीत ठेवली. टाक्यात उतरलात का, विचारलं. सबनीस हो तर म्हणाले. कुठल्या बाजूनं उतरलात? मुख्य बाजूनं, आपलं नेहमीचंच. पाणी कुठवर होतं? सबनीस म्हणाले, भरपूर होतं, चांगलं गार.

"टाकं तीस वर्षं कोरडं आहे," काका म्हणाले.

सगळे हसले. सबनीससुद्धा हसले, बिचाऱ्यांना दुसरं काय करता येणार. काका तेवढे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सबनीसांना माहितीपत्रकाची नवी प्रत पोस्टानं पाठवली. मला त्या माणसाचं कौतुकही वाटलं आणि त्यांच्या पाठीत एक धपाटा घालावा असंही वाटलं. लोकांना तुमच्या गावाची फिकीर नाही, काका, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यांची मुलगी ईशा ते सांगायची. पॉलिटेक्निकात शिकणारी, मराठी सगळं समजणारी आणि एक अक्षर न बोलणारी पोर. "पा, नोबडी गोज देअर, लाह. इव्हन द मॅप ऑल्सो डोन्ट नो." त्यातलं पहिलं वाक्य काकांनी सोडून दिलं आणि दुसरं धरलं. नकाशाला माहीत नाही म्हणजे तो नकाशातला दोष, आणि दोष दुरुस्त करता येतो. त्यासाठी वेबसाइट हवी. वेबसाइटसाठी माणूस हवा. तिसऱ्या दाराआड एक आयटीवाली राहतच होती.

अशी मी अडकले. दर रविवारी दहाच्या ठोक्याला काका फाईल घेऊन यायचे. मी आठवडाभर ऑफिसात प्रोजेक्ट सांभाळायची, रविवारी मुलीचं नाक पुसत हेमूसर सांभाळायची. मी छत्र्यांबद्दल लिहिलं की संध्याकाळच्या उन्हात ह्या छत्र्या सुंदर दिसतात. काकांनी 'सुंदर' खोडलं. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाले, सुंदर मोजता येत नाही. त्याऐवजी त्यांनी घातलं: 'छत्री क्रमांक दोन, खांब आठ, पैकी एक तडकलेला.' हे वाचून कोण येणार आहे तिथं, असं मी ओरडले. मुलगी दचकून रडायला लागली. काका म्हणाले, जे आहे ते लिहिलं की येणारा फसत नाही. पण येणारा येतच नाही ना, मी म्हटलं, तर त्यावर त्यांचं उत्तर होतं की ते आपल्या हातात नाही, लिहिणं आपल्या हातात आहे.

एकदा आम्ही दोन्ही घरं पुंगोलला पाण्याच्या काठानं फिरायला गेलो होतो. तिथं एक पाटी होती, पूर्वी इथं कोळ्यांचा धक्का होता वगैरे सांगणारी, चार भाषांत, जुन्या फोटोसकट. काकांनी ती दोनदा वाचली. मग पाटीच्या मागे जाऊन पाहिलं. मागे कापलेलं गवत आणि एक बाक.

"इथं काही नाही, मेघना," ते म्हणाले. "बघ ना. काही नाहीच. जे नाही त्याला पाटी लावलीय ह्यांनी. आणि आमच्याकडे जे उभं आहे..." त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

मग त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, की हवेलीसारखी हवेली असताना ते टाकं का पहिल्या क्रमांकावर? फोटोत तर ते वाळूत बसलेल्या घुमटासारखं दिसत होतं, चुन्याचं, ठिकठिकाणी पोपडे आलेलं. काका बराच वेळ फाईलची दोरी सोडत-बांधत बसले आणि मग त्यांनी सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं, नंतरही कधी नाही.

दुष्काळाच्या वर्षांत हेमूसरला आठवड्यातून दोनदा पाण्याची गाडी यायची. ते पाणी टाक्यात सोडायचे आणि गाव तिथून भरून न्यायचं. टाक्याला दोन बाजूंनी पायऱ्या होत्या. वरच्या म्हणवणाऱ्या जातींची घरं पूर्वेकडून उतरायची, बाकीचे पश्चिमेकडून. पूर्वेकडच्यांनी आधी भरून घ्यायचं, पश्चिमेला उरेल ते. काका दहा वर्षांचे असताना एका उन्हाळ्यात पश्चिमेला काहीच उरलं नाही, आणि स्टेशनाच्या झाडूवाल्याचं तान्हं मूल गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या वडिलांनी रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर पश्चिमेच्या पायऱ्यांवर रचून ती बाजूच बंद केली. मग मास्तरांचा काळा कोट चढवून पूर्वेच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, आता एकच रांग. तीन दिवस वरच्या घरांतलं कुणी पाण्याला आलं नाही. मास्तरांच्या घरचं दूध बंद झालं, वाण्यानं मीठसुद्धा देईना. चौथ्या दिवशी ठाकुरांच्या घरातली एक म्हातारी स्वतः घागर घेऊन आली आणि रांगेत उभी राहिली. आपण कुणाच्या मागे उभ्या आहोत ते तिनं पाहिलं नाही. मग सगळे आले.

"स्लीपर अजून तिथंच आहेत," काका म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हटलं, काका, हे लिहा. सात ठिकाणं राहू द्या, हे एकच लिहा, लोक धावत येतील. त्यांनी मान हलवली. वडिलांची फुशारकी मारल्यासारखं होईल, म्हणाले. शिवाय गावात अजून तीच घरं आहेत, कुणाला कशाला खजील करायचं. मी पुष्कळ डोकं आपटलं. शेवटी वेबसाइटवर गेलं ते असं: 'टाके, खोली बावीस फूट, व्यास एकतीस फूट, चुन्याचे बांधकाम.'

२०१५ च्या सुमाराला हेमूसरची ब्रॉडगेज लाईन गावाबाहेरून गेली आणि जुन्या स्टेशनाची सगळी जागा नगरपालिकेकडे आली. त्या जागेचं काय करायचं ह्यावर तिथं बराच खल चालला होता. काकांचा शाळासोबती भंवरलाल, बांगड्यांच्या गल्लीत दुकान असलेला, त्यानं फोनवर सांगितलं की जुन्या बांधकामांपैकी काय राखावं ह्याबद्दल नगरपालिकेनं लोकांकडून लेखी माहिती मागवली आहे. काका त्या दिवशी ऑफिसातून आले ते थेट आमच्या दारात, बूटसुद्धा न काढता. "लेखी मागितलंय," ते म्हणाले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते पत्र आल्यासारखे ते हसत होते.

ते रजा घेऊन हेमूसरला गेले. चार दिवस टाक्यात उतरून हातोडीनं एकेक चिरा ठोकून ऐकला, भेगांवर पट्टी धरून फोटो काढले, घुमटाखाली ओळंबा सोडला. परत आले ते एक्केचाळीस दोषांची यादी घेऊन. उत्तरेची भिंत चार इंच कललेली. घुमटात आरपार भेग. तळाचा चुना सुटलेला. सगळं हिंदीत, सगळं मोजलेलं. मी ते माझ्या ऑफिसातल्या पद्धतीनं तक्त्यात बसवलं. आमच्याकडे प्रोजेक्टमधला धोका किती गंभीर ते रंगानं दाखवतात, तसे मी रंग भरले. लाल तेवीस निघाले. काका मागे उभं राहून बघत होते आणि खूश होते, म्हणाले, आता कुणाच्याही नजरेत भरेल.

सतराव्या क्रमांकावर मी थांबले. 'पश्चिमेकडील पायऱ्या लाकडी स्लीपरांनी अडवलेल्या. लाकूड कुजलेले. काढून टाकावेत.'

"काका, हे तुमच्या वडिलांचे स्लीपर आहेत."

"अडथळा आहे तो. कुणी पडलं तर? दोष तो दोष."

मी म्हटलं, बरं, मग कुठेतरी एक वाक्य तरी चांगलं लिहा, हे टाकं का राखायचं त्याचं. ते म्हणाले, चांगलं लिहिलं तर वाचणारा म्हणेल, मग अडलंय कुठे. दोष लिहिले की दुरुस्ती निघते. हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण तीन वाजले होते, मुलीला तापाची कणकण होती, आणि खरं सांगायचं तर मला तो रविवार संपवायचा होता. मी वाद घातला नाही. अहवाल माझ्याच लॅपटॉपवरून गेला.

पाच महिने काही उत्तर नाही. काकांनी तीन स्मरणपत्रं पाठवली. मग एका शनिवारी सकाळी मी कपडे वाळत घालायला कॉरिडॉरमध्ये आले तर काका त्यांच्या दाराबाहेर खुर्चीवर बसून फोनवर बोलत होते, ऐकायला जरा कमी येतं म्हणून स्पीकर लावून. पलीकडे भंवरलाल होता. त्याचा आवाज उत्साहानं फुटत होता. "साहब, बधाई हो. आपकी रिपोर्ट पूरी सभा में पढ़ी गई. अध्यक्षजी बोले, ऐसी रिपोर्ट आज तक किसी ने नहीं दी."

काकांनी मला हातानं जवळ बोलावलं. मीही ऐकावं म्हणून. काकू आतून हात पुसत आल्या.

"तो मरम्मत कब शुरू होगी?" काकांनी विचारलं.

मग भंवरलाल सावकाश म्हणाला, "मरम्मत कैसी, साहब? इमारत खतरनाक निकली न. परसों जेसीबी आई थी. दो घंटे में साफ हो गया. मैंने सोचा, मास्टरजी के बेटे ने खुद लिखा है, तो सोच-समझकर ही लिखा होगा."

काकांनी फोन बंद केला नाही. भंवरलाल हॅलो हॅलो करत राहिला, शेवटी काकूंनी वाकून त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

दोन आठवड्यांनी नगरपालिकेचं पत्र आलं. सिंगापूरस्थित तज्ज्ञ अभियंता श्री. बिवलकर यांच्या अहवालावरून सदर बांधकाम जनतेच्या सुरक्षिततेस्तव हटवण्यात आलं, ह्या बहुमोल सहकार्याबद्दल आभार, त्या जागी पर्यटकांसाठी पार्किंग आणि सेल्फी पॉइंट होत आहे, उद्घाटनास अवश्य यावे. सोबत एक चित्र होतं, वाळूत रोवलेली 'आय लव्ह हेमूसर' अशी मोठमोठी रंगीत अक्षरं. लाल रंग त्यातही होता. काकांनी त्या पत्राला उत्तर लिहिलं की अहवालाचा उद्देश दुरुस्ती हा होता, याची नोंद व्हावी. ते उत्तरही त्यांनी मलाच दाखवलं, शुद्धलेखन तपासायला. कुणी नोंद घेतली नाही.

मला कुणाला शिव्या घालाव्यात ते कळेना. नगरपालिकेला घालून झाल्या. मग एका संध्याकाळी माझा तोल गेला आणि मी काकांनाच बोलले. तळमजल्यावरच्या दगडी बाकांवर ते एकटेच बसले होते. मी म्हटलं, तुम्ही त्या रांगेचं लिहायला हवं होतं. एक्केचाळीस दोष लिहिलेत, ती म्हातारी नाही लिहिलीत. त्या लोकांना कसं कळणार होतं की ते काय पाडतायत?

"हो," काका म्हणाले.

एवढंच. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. मी बाजूला बसले आणि सांगितलं की लाल रंग मी भरले होते, पाठवलंही मीच. त्यांना बहुधा ते ऐकूच गेलं नाही. आजही मला वाटतं की मी त्या रविवारी अर्धा तास जास्त भांडले असते तर ते टाकं उभं असतं, आणि लगेच असंही वाटतं, की ते ऐकणारा माणूस असता तर तो बिवलकरकाका नसता. दोन्हींचा मला सारखाच राग येतो.

त्यानंतर रविवार मोकळे झाले. वेबसाइटचं नाव पुढच्या वर्षी पैसे भरून नव्यानं घ्यायचं होतं, काकांनी राहू दे म्हटलं. काका नोकरी करत होते, जहाजांवर चढत-उतरत होते. काकू मला एकदा म्हणाल्या की हल्ली ते यादी लिहितात आणि पाठवायच्या आधी दोन-दोन दिवस टेबलावर ठेवतात. ऑफिसातून फोन येतात, तरी पाठवत नाहीत.

२०१८ मध्ये आम्ही पुंगोलला राहायला जायचं ठरवलं. सामान बांधायचं चालू होतं त्याच आठवड्यात आमच्या ब्लॉकमध्ये मोठ्या दुरुस्तीचं काम निघालं. मालकीच्या फ्लॅटमध्ये काय काय बिघडलंय ते लिहून द्या, सगळं करून मिळेल, असा फॉर्म घेऊन एक चिनी बाई दारोदार हिंडत होती. मी काकूंचे डबे परत द्यायला गेले तेव्हा ती बिवलकरांच्या स्वयंपाकघरात उभी होती. त्या स्वयंपाकघराचं छत मी कितीदा पाहिलेलं. ओट्याच्या वरचं सिमेंट हातभर फुगून गळून पडलेलं आणि आतली गंजलेली सळई उघडी. काकू त्या जागेखाली उभ्या राहून पोळ्या करत नसत, शेगडी त्यांनी खिडकीकडे सरकवली होती.

काका जेवणाच्या टेबलाशी बसून फॉर्म भरत होते. नाव, फ्लॅट नंबर, सही. दोषांसाठी खाली रेघा मारलेलं अख्खं पान होतं. त्यांनी त्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ ओढली आणि वर 'निल' लिहिलं.

त्या बाईनं छताकडे बघितलं, मग फॉर्मकडे. "अंकल, शुअर आह? युवर सीलिंग लाइक दॅट."

मी म्हटलं, "काका, छताचं लिहा ना. ते फुकट करून देतील."

काकू खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून भाजी निवडत होत्या.

"नको," काका म्हणाले. "हा कागद पुढे कुणाच्या हातात जाईल, सांगता येत नाही."

त्यांनी तारीख घातली आणि फॉर्म बाईच्या हातात दिला.